सलील अंकोला : नडगीच्या हाडाने अडविलेली कारकीर्द

भारताकडून १ कसोटी व २० एकदिवसीय सामने खेळलेले जलदगती गोलंदाज. जन्म १ मार्च १९६८, सोलापूर. मैदानावरील धडक किंवा पडझड नव्हे, तर डाव्या पायाच्या नडगीत वाढलेली एक लहानशी गाठ त्यांच्या क्रिकेटच्या अकाली समाप्तीस कारणीभूत ठरली.

१९८८-८९ च्या हंगामात महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध खेळताना प्रथमश्रेणी पदार्पणातच त्यांनी हॅटट्रिक साधली. नोव्हेंबर १९८९ मध्ये कराची येथे त्यांनी कसोटी पदार्पण केले. सचिन तेंडुलकर व वकार युनूस यांचीही ती पहिलीच कसोटी. अंकोला यांना तीत २ बळी मिळाले. मात्र पुन्हा कसोटी खेळण्याची संधी लाभली नाही. पुढे ते मुंबईकडून खेळले. १९९६ च्या विश्वचषक संघातही त्यांचा समावेश होता. अखेरचा एकदिवसीय सामना ते फेब्रुवारी १९९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत खेळले आणि त्याच वर्षी, वयाची तिशी गाठण्यापूर्वीच, निवृत्त झाले.

'ऑस्टिऑइड ऑस्टिओमा' हे या गाठीचे नाव. ती कर्करोगाची नसते, सहसा दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असते आणि तरुणांच्या मांडीच्या वा नडगीच्या हाडात अधिक आढळते. वेदना रात्री बळावते आणि ॲस्पिरिनसारख्या औषधाने तात्पुरती शमते. साध्या क्ष-किरण चित्रात गाठ निसटू शकते. सीटी स्कॅनमध्ये ती स्पष्ट दिसते. पूर्वी ती शस्त्रक्रियेने कोरून काढावी लागे. आता बारीक सुईवाटे उष्णता देऊन ती नष्ट करता येते व रुग्ण लवकर चालू लागतो.

फुटबॉलमध्ये हॉलंडच्या मार्को व्हान बास्टेनची कहाणी अशीच आहे. मे १९९३ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, घोट्याच्या दुखापतीने त्याचा खेळ थांबला. दोन वर्षे वाट पाहून ऑगस्ट १९९५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

अंकोला यांनी पुढे अभिनयाची वाट धरली. २००० च्या 'कुरुक्षेत्र' चित्रपटात व अनेक दूरचित्रवाणी मालिकांत ते दिसले. २०२० मध्ये ते मुंबईच्या निवड समितीचे अध्यक्ष झाले, तर २०२३ ते २०२४ या काळात राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य होते.

पेण-रोह्याच्या परिसरात कबड्डी आणि टेनिस चेंडूचे क्रिकेट कठीण जमिनीवर खेळले जाते. तेथे नडगी दुखणे नित्याचे मानून लेप लावून पुन्हा मैदानात उतरणारे तरुण अनेक असतात. बहुतेकांचे दुखणे स्नायूंच्या ताणाचे असते आणि विश्रांतीने बरे होते. मात्र विश्रांतीनंतरही टिकणारी, रात्री झोपेतून उठविणारी किंवा एकाच ठिकाणी बोट ठेवता येईल अशी वेदना अस्थिरोगतज्ज्ञाला दाखविणेच हिताचे.