रानडे दांपत्य: घरातली शिकवण, बाहेरची चळवळ

१८७३ साली समाजसुधारक महादेव गोविंद रानडे यांचा रमाबाईंशी विवाह झाला, तेव्हा ते ३१ वर्षांचे होते आणि त्या ११ वर्षांच्या. विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने स्वतः विधवेशी विवाह न करता वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली, यावर टीका झाली. रानड्यांनी पत्नीला मराठी, मग इंग्रजी शिकवले. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष मात्र रमाबाईंनाच सोसावा लागला. सुधारणेचे विचार प्रारंभी पतीकडूनच पत्नीकडे येत होते. १९०१ मध्ये रानडे वारले. त्यानंतरचे कार्य रमाबाईंचे स्वतःचे, आणि त्याचे मोल कमी लेखले गेले: १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन या स्त्रियांसाठीच्या संस्थेची स्थापना, पुढे मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी चळवळ, स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी. मुंबई प्रांतात हा हक्क १९२१ मध्ये मान्य झाला. रमाबाई १९२४ मध्ये निवर्तल्या.