परमिट रूममधलं ‘परमिट’ नक्की कुणाचं?

आजचा एपिसोड एका पाटीवर आहे. हायवेवरून जाताना ती तुम्ही शेकडो वेळा वाचली असेल: ‘परमिट रूम व बिअर बार’. आता साधं ‘बार’ म्हणायचं सोडून हे ‘परमिट रूम’ काय प्रकरण आहे? आणि परमिट कुणाचं, मालकाचं की गिऱ्हाइकाचं?

गिऱ्हाइकाचं! मालकाकडे असतं ते लायसन्स, ज्याला एफएल-३ म्हणतात. ते जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतं. परमिट मात्र पिणाऱ्याच्या नावाचं असतं. कायद्याप्रमाणे त्या खोलीत परमिटवाल्यानेच प्यायची.

हे असं का, तर त्यासाठी थोडं मागे जाऊ. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस सरकार आलं. दारूबंदी हा गांधीजींचा जुना आग्रह. १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. ती राबवणारे मंत्री डॉ. गिल्डर स्वतः पारशी, आणि सगळ्यात मोठा विरोधही पारशी समाजातूनच, कारण दारूच्या धंद्यात त्यांची बरीच दुकानं होती. पण काही महिन्यांतच महायुद्धाच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि गाडी अडकली.

स्वातंत्र्यानंतर खेर पुन्हा मुख्यमंत्री, मोरारजी देसाई गृहमंत्री. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० मध्ये प्रांतभर बंदी. कायदा इतका कडक की एफ. एन. बलसारा नावाचे गृहस्थ कोर्टात गेले. व्हिस्की, बिअर तर सोडाच, अल्कोहोल असलेलं औषध आणि ओ-द-कोलोनसुद्धा वापरायचा हक्क त्यांना मागावा लागला. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने औषधं आणि प्रसाधनं सोडवली, पण दारूबंदी बहुतांशी कायम ठेवली.

मग लोकांनी सोडली का? छे. हातभट्ट्या वाढल्या, मुंबईत ‘आंटी’चे अड्डे चालले. आणि ज्यांची ओळख होती, त्यांनी प्रकृतीच्या कारणासाठी परमिट काढलं. म्हणजे डॉक्टरच्या कागदावर पेग!

१ मे १९६० ला एका राज्याची दोन राज्यं झाली. कायदा दोघांकडे तोच गेला. गुजरातने दार बंद ठेवलं. महाराष्ट्राने हळूहळू ढील दिली, १९७३ मध्ये देशी दारूचे नियमही आले. पण गंमत बघा, मूळ कायदा कुणी काढलाच नाही. नाव ‘महाराष्ट्र दारूबंदी कायदा’ झालं, एवढंच. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझ्या भाषेत सांगतो: हा ‘डिफॉल्ट डिनाय’ आहे. सगळं बंद, आणि लायसन्स, परमिट हे अपवाद. घरच्या पार्टीत दारू ठेवायची तरी एक दिवसाचं लायसन्स लागतं ते यामुळेच.

आता तुम्ही म्हणाल, परमिट विचारतो कोण? शहरात बहुतेक वेळा कुणीच नाही. पण ‘कुणी विचारत नाही’ आणि ‘लागत नाही’ यात फरक आहे. जो नियम सगळेच मोडतात, तो ज्या दिवशी कुणाला अडकवायचं असेल त्या दिवशी बरोबर आठवतो. मला ही गोष्ट खटकते.

पण मग कायदाच फेकून द्यायचा का? इथे मी थांबतो. कारण याच चौकटीत गावातल्या बायकांना एक हक्क मिळाला आहे. पुरेशा महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं की दुकानावर गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चिन्हं: उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला, तर दुकान बंद. मत द्यायला आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या एकूण बायकांपैकी! त्या दिवशी जी मजुरीला गेली, तिचं न दिलेलं मत दुकानदाराच्याच कामी येतं. तरीही कित्येक गावांनी बाटली आडवी केली आहे.

म्हणजे एकाच कायद्याखाली शहरातल्या आपल्यासाठी परमिट हा न काढलेला कागद, आणि तिकडे कुणाच्या तरी घरातली मारहाण थांबवायचा एक रस्ता. कायदा बदलायचा असेल तर जरूर बदलूया, पण त्या चर्चेत त्या बायकाही हव्यात.

आणि हो, सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय २१, बाकी दारूसाठी २५. परमिट एक दिवसाचं, वर्षाचं किंवा आयुष्यभराचंही मिळतं. तुमच्यापैकी कुणी खरंच काढलंय का? सांगा. भेटू पुढच्या भागात!