वाढदिवसाचे टपाल

वाढदिवसाला भेटकार्ड पाठवायची रीत आपल्याकडची नव्हे. आपल्या घरांत वाढदिवस तिथीने व्हायचा. सकाळी न्हाणे, देवाला नमस्कार, आईने ओवाळणे आणि जेवणात मणगणे. तारीख असायची ती शाळेच्या दाखल्यापुरती.

कार्डाचा जन्म इंग्लंडातला. १८४० साली तिथे एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले आणि १८४३ साली हेन्री कोल यांनी हॉर्स्ली या चित्रकाराकडून नाताळाचे कार्ड करून घेतले. वाढदिवसाची कार्डे त्याच वाटेने आली. म्हणजे आधी स्वस्त टपाल, मग कार्ड. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. पोर्तुगीज अमलातल्या गोव्याचे टपाल वेगळे, त्याची तिकिटे १८७१ पासूनची.

पण फोंड्यापुरते बोलायचे तर वाढदिवसाचे टपाल इथे दुसऱ्याच रूपाने चालत आले आहे. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा असे देव अंत्रुज महालात आले. पुढे पोटापाण्यासाठी त्यांचे कुळावी मुंबई, बेळगाव, कारवारकडे पांगले. देव इथे, माणसे तिथे. मग मुलाच्या वाढदिवसाला देवळात पत्र यायचे, त्यात नाव, गोत्र, तिथी, आणि सोबत मनिऑर्डर. अभिषेक व्हायचा आणि उलट टपालाने पाकिटातून प्रसाद जायचा. चिमूटभर कुंकू, सुकलेल्या चार पाकळ्या. ना चित्र, ना छापील कविता. तरी पाकीट उघडणाऱ्याला कळायचे, की गावात आज आपले नाव घेतले गेले. शुभेच्छा म्हणजे आणखी वेगळे काय असते?

रंगीत कार्डे नंतरची. १९७९ साली दिल्लीत आर्चीज सुरू झाली आणि पुढच्या दोन दशकांत कार्डांची दुकाने गावोगाव पोहोचली. छापील मजकूर इंग्रजी, पण खाली आत्याने, मामाने निळ्या शाईत लिहिलेल्या दोन ओळी मराठी. ती कार्डे जपली गेली ती त्या दोन ओळींसाठी.

आता मोबाईलवर एकाच दिवशी पन्नास केक आणि फुले येतात. त्यांना नावे ठेवायचे कारण नाही, आठवण काढणारा आठवण काढतोच. पण गेलेल्या माणसाचे अक्षर त्यांत सापडत नाही. ज्यांच्या कपाटात अशी कार्डे असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. घराण्याचा इतिहास तोच असतो.