कार्डात साठवलेले खाते

श्रोतेहो, भातझोडणी उरकली, दिवाळी सरली, की कर्जत-खालापूरच्या डोंगराकडच्या वाड्या ओस पडू लागतात. कातकरी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाला परततात. मागे राहतात म्हातारी माणसे. आता सांगा, सरकारी सवलतीचा कागद कोणापाशी असावा? गेलेल्यापाशी की राहिलेल्यापाशी? आजारपण दोघांनाही येते.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेने याला एक उत्तर काढले होते. 1 एप्रिल 2008 पासून ती चालू झाली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाने 30 रुपये भरायचे. 5 माणसांपर्यंत मिळून वर्षाला 30,000 रुपयांचे रुग्णालयातले उपचार मिळत. नोंदणी गावातच होई. लॅपटॉप, म्हणजे मांडीवर मावेल असा संगणक, कार्ड वाचणारे यंत्र, अंगठ्याचा ठसा घेणारी काच आणि प्रिंटर, एवढा संसार घेऊन माणसे येत. फोटो काढला, ठसे घेतले, की कार्ड तिथल्या तिथे हातात! मात्र सरकारी कर्मचाऱ्याने स्वतःचे कार्ड यंत्रात घालून, अंगठा लावून साक्ष दिल्यावाचून ते पुरे होत नसे. जुन्या सही-शिक्क्याचाच हा नवा अवतार म्हणा ना.

खरी करामत कार्डावरच्या नखाएवढ्या चिपची. फ्रान्सच्या रोलाँ मोरेनो यांनी 1974 साली अशा कार्डाचे पेटंट मागितले होते. नावे, ठसे, शिल्लक रक्कम, सारे त्या चिपमध्येच. त्यामुळे रुग्णालयातली लाइन बंद असली तरी यंत्र कार्ड वाची, ठसा ताडून पाही, खर्च वजा करी. हिशेब मागाहून पाठवला तरी चाले. शिवाय कामासाठी परगावी जाणाऱ्यांना एकाची दोन कार्डे करून मिळत, आणि रक्कमही दोहोंत वाटली जाई. ही सोय ज्याला सुचली त्याने स्थलांतर जवळून पाहिले असावे.

रायगडात 2 जुलै 2012 रोजी आणखी एक वाट उघडली. राज्याची राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत आपला जिल्हा होता. तिथे चिप नव्हे, पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका कामी येई. 2017 साली तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. 23 सप्टेंबर 2018 रोजी केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि चिपची जुनी योजना तिच्यात विरून गेली. रक्कम 5 लाखांवर गेली, 5 माणसांची अट सुटली, ज्याचे त्याचे कार्ड वेगळे झाले. हे चांगलेच झाले. पण खाते आता कार्डात नसते. ते दूरच्या संगणकात असते, आणि तिथवर पोचायला लाइन लागते.

अंगठ्याचे दुखणे मात्र जुनेच आहे. विटा थापून ज्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा ठसा यंत्राने पहिल्या खेपेला घेतलाच, असे तेव्हाही होत नसे आणि आजही नाही.