बहादूर: डाकूच्या पोराची गोष्ट

वेताळ आणि मँड्रेक आपल्याला ठाऊक असतात. बहादूर फारसा कुणाच्या लक्षात राहिलेला नाही. इंद्रजाल कॉमिक्समध्ये आबिद सुरतींनी तो 1976 साली आणला. केशरी कुर्ता, खाली जीन्स. बाप भैरवसिंग चंबळचा डाकू, पोलिसांच्या गोळीनं मेलेला. आणि ज्या विशालनं त्याला मारलं, त्याच पोलीस अधिकाऱ्यानं पोराला वाढवलं. सुडानं पेटलेला हा पोरगा शेवटी डाकूंविरुद्ध नागरिक सुरक्षा दल उभारतो. जयप्रकाशांपुढे चंबळच्या डाकूंनी शस्त्रं ठेवली ती 1972 ला, म्हणजे विषय तसा ताजाच होता.

आता हीच गोष्ट नांदेड-लातूरकडून वाचून बघू. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक जानेवारी 1948 मध्ये लुटली गेली. निजाम सरकारच्या लेखी तो दरोडाच. आपण त्याला मुक्तिसंग्राम म्हणतो. रझाकारांपासून गाव राखायलाही माणसं स्वतःच उभी राहिली होती. म्हणजे डाकू कोण न्‌ राखणदार कोण, हे इथं सरकारी शिक्क्यानं ठरलं नाही. सुरतींच्या गोष्टीत ते ठरून जातं: बाप चुकला, पोलीस बरोबर. आम्हाला ती तिथंच जरा सोपी वाटते. खुद्द चंबळमध्ये तर या माणसांना डाकू नाही, बागी म्हणतात.