समुद्रतळाशी टिकलेली स्मृती

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशातच विखुरले. सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यांचा कक्ष ७ मार्चला अटलांटिक महासागरात सुमारे ३० मीटर खोलीवर सापडला. यानातील संगणक आणि ध्वनिमुद्रणाची फीत इतके दिवस खाऱ्या पाण्यात होती. त्यांतली माहिती शिल्लक असेल का?

पाणी लागले की संगणक संपला, अशी आपली समजूत असते. पण पाणी नेमके बिघडवते काय? शुद्ध पाणी विजेचे मंदवाहक आहे. त्यात विरघळलेल्या क्षारांचे आयन मात्र वीज वाहून नेतात. ओला संगणक चालू केला, तर नको तिथून प्रवाह वाहतो आणि विद्युत अपघटनाने तांब्याच्या बारीक वाटा झिजतात. वीज बंद असली तरी क्षार, ओल आणि हवेतील ऑक्सिजन मिळून धातू गंजवतातच.

चॅलेंजरच्या संगणकांची स्मृती फेराइटच्या इवल्याशा कड्यांची होती. कडे कोणत्या दिशेने चुंबकित आहे, त्यावरून ० की १ हे ठरे. हे चुंबकत्व टिकायला वीज लागत नाही आणि पाण्याने ते पुसले जात नाही. शिवाय फेराइट म्हणजे मुळात लोहाचे ऑक्साइडच. ते आणखी काय गंजणार? स्फोटसदृश विघटन आणि समुद्रतळ, दोन्ही सोसून ही स्मृती टिकली.

ध्वनिफीतही आयबीएमच्या तज्ज्ञांनी स्वच्छ करून ऐकण्याजोगी केली. संकटाची कोणालाच चाहूल लागली नव्हती, असे आधी मानले जात होते. २८ जुलै १९८६ रोजी प्रसिद्ध झालेल्या संभाषणातील वैमानिक मायकेल स्मिथ यांच्या अखेरच्या उद्गाराने ती समजूत बदलली. पाण्यातून वाचलेल्या पुराव्याने इतिहास दुरुस्त केला.

शाळेच्या संगणक कक्षात पुराचे पाणी शिरले, तर हीच कथा उपयोगी पडेल. आधी मुख्य वीजपुरवठा बंद करावा. ‘चालतो का पाहू’ म्हणून कळ दाबण्याचा मोह टाळावा. सुटे केलेले बोर्ड ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन क्षार काढावेत व पूर्ण वाळवावेत. हार्ड डिस्क मात्र घरी उघडू किंवा वाळवू नये. ओलसरच तज्ज्ञाकडे न्यावी, कारण पाणी उडून गेले तरी क्षार तबकडीवर चिकटून राहतात.

पाण्यानेच धुवायचे ते का, हे विद्यार्थ्यांना अवश्य विचारा.