पिकअप ट्रकचा अल्टरनेटर बदलताना

मंडळी, डिसेंबरात आपल्या बॉथेलमध्ये साडेचारलाच अंधार पडतो. हेडलाइट, वायपर, हीटरचा पंखा, मागच्या काचेचा डिफॉगर असं सगळं चालू ठेवून आपण ४०५ वर गोगलगायीसारखे सरकत असतो. अशाच एका संध्याकाळी माझ्या पिकअपचे दिवे मंदावले. मी उत्साहात २०० अँपचा अल्टरनेटर मागवला, शनिवार घालवून बसवला, आणि दिवे मंदच! दोष निघाला गंजलेल्या अर्थिंगच्या तारेत. म्हणून हा लेख.

आधी मल्टीमीटर घ्या. रात्रभर बंद असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसतात, इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५. (नव्या गाड्यांत कंप्युटरच व्होल्टेज कमीजास्त करतो, त्यामुळे १३ दिसले तरी घाबरू नका.) मग दिवे, पंखा सगळं लावून अल्टरनेटरचा आउटपुट बोल्ट आणि बॅटरीचं प्लस टोक यांच्यामधला फरक मोजा. तसाच अल्टरनेटरची बॉडी आणि मायनस टोक यांच्यामधलाही. अर्धा व्होल्ट आला तर आधी तार आणि जोड बघा. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून ‘डायनॅमो’ तपासायची आपल्याकडच्या गॅरेजमधली युक्ती मात्र इथे नको. व्होल्टेज एकदम उसळून कंप्युटर जळू शकतो.

तारा ठीक असूनही वीज कमी पडत असेल, तर मोठा घ्या. पण खोक्यावरचा आकडा फसवा असतो. तो अल्टरनेटर मिनिटाला सुमारे ६००० फेरे घेत असतानाचा असतो. पुलीमुळे अल्टरनेटर इंजिनच्या साधारण तिप्पट फिरतो, म्हणजे ट्रॅफिकमध्ये इंजिन ७०० वर असताना तो जेमतेम २१०० वर. तिथे १३० अँपवाला निम्मेच अँप देईल. म्हणून ‘आयडलला किती अँप?’ हे दुकानदाराला विचाराच. विंच किंवा गणपतीच्या मिरवणुकीची साउंड सिस्टीम चालवायची नसेल, तर २०० ची हौस कशाला?

बोल्टची जागा, प्लग आणि पुलीच्या खाचा जुन्याशी जुळल्या पाहिजेत. १३० अँपला मूळची बारीक तार पुरत नाही. ४ गेजची टाका आणि बॅटरीजवळ फ्यूज लावा. १०० अँप म्हणजे १४०० वॉट, त्यासाठी इंजिनची तीनेक हॉर्सपॉवर जाते, त्यामुळे सैल पट्टा किंचाळणारच. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं मायनस टोक काढा. आणि जुना अल्टरनेटर फेकू नका, दुकानात परत दिला की ‘कोअर’चे पैसे मिळतात.